सायकलवरून ओझं वाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन-तीन किलोमीटरसाठी स्कूटर काढली जाते त्याचं कारण बहुतेक वेळा अंतर नसतं, पिशव्या असतात. दळणाचा डबा, पाण्याचा जार, महिन्याचा किराणा, रोपवाटिकेतली खताची गोणी, नाहीतर शाळेत सोडायचं मूल. मोकळ्या सायकलवर कुणीही जाईल. ओझं आलं की सायकल जिन्याखालीच राहते. हे पान त्या ओझ्याबद्दल आहे.

साध्या सायकलवर किती वजन घ्यावं?

काळी, २८ इंची चाकांची, जिला बरेच जण ‘दूधवाल्याची सायकल’ म्हणतात, तिच्यावर दणकट कॅरिअर असेल तर सपाट रस्त्यावर ५०-६० किलो निभतं. गिअरच्या सायकलींना जे हलके कॅरिअर मिळतात त्यांच्यावर मर्यादा छापलेली असते, बहुधा २५ किलो. तो आकडा गंभीरपणे घ्या. असे कॅरिअर दोन छोट्या बोल्टांवर उभे असतात आणि मोडतो तो बोल्ट, कॅरिअर नव्हे.

अंदाजासाठी: २० लिटरचा भरलेला जार २१ किलो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, टाकी धरून सगळं मिळून ३० किलोच्या आसपास. धान्याचं पोतं ५० किलो.

सायकलची क्षमता कुठे संपते याचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: आधी ब्रेक, मग मागच्या चाकाचे स्पोक, मग कॅरिअर आणि सगळ्यात शेवटी तुमचे पाय. लोक पायांची काळजी करतात आणि ब्रेकचे रबर तीन वर्षं बदलत नाहीत.

नवी सायकल घ्यावी की जुनी चालेल?

गाव सपाट असेल तर जुनी काळी सायकल घ्या. मागच्या चाकाला ४० स्पोक, पुढच्याला ३२, जाड पत्र्याचं रिम, दोन्ही बाजूंनी उभा राहणारा स्टँड, आणि चौकातला कुठलाही पंक्चरवाला जिचा प्रत्येक भाग ओळखतो अशी ही गाडी मुळात ओझ्यासाठीच बांधलेली आहे. घेताना चार गोष्टी पाहा: फ्रेमच्या सांध्यांना तडा नाही ना, पुढचा फोर्क मागे दबलेला नाही ना, चाक फिरवल्यावर डावी-उजवीकडे नाचत नाही ना, आणि क्रँक, म्हणजे पॅडल ज्याला लागतं तो दांडा, हाताने हलवल्यावर खटखटत नाही ना. रंग आणि गंज दुय्यम.

चढ-उताराच्या गावात, म्हणजे सातारा, रत्नागिरी, पुण्याच्या टेकड्यांकडच्या भागात, ही सायकल घेऊ नका. कारण पुढच्या उत्तरात आहे. तिथे जाड टायरची, स्टीलच्या फ्रेमची, गिअरची सायकल बरी. फक्त पुढे सस्पेन्शन नसलेली शोधा. ओझ्याच्या कामात ते स्प्रिंग म्हणजे दोन-अडीच किलोचं फुकटचं वजन. डिस्क ब्रेक असेल तर कॅरिअरचा पाय कॅलिपरवर, म्हणजे डिस्क दाबणाऱ्या भागावर, आदळतो, म्हणून पाय आणि फ्रेमच्या मध्ये नळीचा तुकडा किंवा पाच-सहा वायसर घालून तो बाहेर काढावा लागतो.

परदेशी मालवाहू सायकलींचे व्हिडिओ पाहून त्या मागवायचा विचार असेल तर आधी टेप घेऊन जिना मोजा. डेन्मार्कमध्ये १९२०च्या दशकात रुळलेली ‘लाँग जॉन’ पद्धतीची सायकल, जिच्यात पुढचं चाक लांब सरकवून मध्ये पाटा असतो, ती वाहायला अप्रतिम आहे. पण लांबी अडीच मीटरच्या घरात जाते. लिफ्टमध्ये मावत नाही, बोळात वळत नाही, आणि रस्त्यावर ठेवली तर रात्री तिच्यावर कुणीतरी वाळू टाकतं.

ब्रेक पुरेसे आहेत हे कसं ओळखायचं?

नेहमीचं ओझं चढवा. कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर १५ किमी वेगाने जा आणि खुणेपाशी दोन्ही ब्रेक दाबा. तीन सायकली एकामागे एक ठेवल्या तर जेवढी जागा व्यापतील तेवढ्यात, म्हणजे साधारण ६ मीटरमध्ये, गाडी थांबली पाहिजे. थांबली नाही तर ओझं कमी करा किंवा ब्रेक सुधारा, मधला मार्ग नाही. यात धोका दिसल्यापासून हात दाबेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. त्या एका सेकंदात १५ किमी वेगाची सायकल आणखी ४ मीटर पुढे गेलेली असते.

काळ्या सायकलचे दांड्यांचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला वरच्या दिशेने ओढले जातात. दांड्यांच्या सांध्यांत ढिलाई आली की हातातली अर्धी ताकद तिथेच मुरते. सगळे सांधे आवळून रबर आणि रिम यांच्यात दोन-तीन मिमी अंतर ठेवा. जुनं रबर काचेसारखं चकचकीत होतं. पॉलिश पेपरने घासून पाहा, पुन्हा लगेच चकाकलं तर बदला. जोडी बदला, एकच नको.

या ब्रेकचा खरा दोष ओल्या रस्त्यावर कळतो. क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर पाण्याचा थर बसला की रबर घसरत राहतं आणि पहिले काही फेरे ब्रेक जवळजवळ नसल्यासारखेच असतात. म्हणून पावसात उतार लागायच्या आधीपासून ब्रेक हलके घासत राहायचं, पाणी पुसलं जातं. पण पाठीवर ५० किलो घेऊन घाट उतरायला हे ब्रेक नाहीतच. ॲल्युमिनियमच्या रिमवर पकड पुष्कळ चांगली राहते, डिस्कची त्याहून.

मागचं ओझं डोलतं, हँडल हलकं वाटतं. का?

ओझं फार उंच आहे किंवा फार मागे आहे, बहुतेक वेळा दोन्ही.

हिशोब सोपा आहे. दोन चाकांच्या ॲक्सलमध्ये, म्हणजे मधल्या आसांमध्ये, साधारण ११० सेंमी अंतर असतं. ४० किलोचं ओझं मागच्या ॲक्सलच्या १५ सेंमी मागे असेल तर पुढच्या चाकावरून साडेपाच किलो भार उचलला जातो. तेच ओझं ४० सेंमी मागे सरकलं की साडेचौदा किलो. पुढच्या चाकावर मुळात तीस-पस्तीस किलोच असतात. त्यातले पंधरा गेले आणि वर चढ लागला की हँडल हवेत फिरल्यासारखं होतं.

म्हणून जड वस्तू सीटला टेकवून ठेवा, हलक्या मागे. जड पिशव्या कॅरिअरच्या वर रचण्यापेक्षा दोन्ही बाजूंना लटकवा, ॲक्सलच्या उंचीच्या जितक्या जवळ तितक्या. दूधवाल्यांच्या किटल्या अशाच लटकतात. दोन बाजूंतला फरक दोन-तीन किलोंपेक्षा जास्त नको. टाच पिशवीला लागत असेल तर पिशवी चार बोटं मागे घ्या, वर नको.

गोव्यातला पोदेर, म्हणजे पाववाला, कॅरिअरवर भलीमोठी टोपली घेऊन डुलत जातो, मग त्याचं कसं चालतं? पाव आकाराने मोठे, वजनाला हलके. त्या टोपलीत कांदे भरले तर पहिल्या वळणावर सायकल हातातून जाईल.

हँडलला पिशवी अडकवायची सवय मोडा. मुंबईचे डबेवाले हँडलला डबे लटकवतात ते पटापट काढता यावेत म्हणून, आणि ते गर्दीत हळूच चालवतात. सैल लोंबणारी एकच पिशवी स्पोकमध्ये गेली की पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

बांधायला दोरी कोणती?

जुनी ट्यूब. व्हॉल्व्ह कापून टाका, ट्यूब लांबीत मधोमध चिरा. दोन मीटरच्या दोन पट्ट्या मिळतात. ओझं रस्त्यावर बसतं तशी ही पट्टी आपोआप आवळून धरते. नायलॉनची दोरी ओली झाली की सैलावते. बाजारात आकडे लावलेले इलॅस्टिक मिळतात ते टाळा. आकडा निसटला तर डोळ्यावर येतो नाहीतर स्पोकमध्ये जातो. कुठल्याही बांधणीचं मोकळं टोक खोचून घ्या.

मागचे स्पोक सारखे तुटतात.

स्पोक जास्त वजनाने एकदम तुटत नाही, तो वाकून वाकून थकतो. २८ इंची चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४४५ फेरे घेतं आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा सैल, एकदा ताठ होतो. आधीच ढिला असलेला स्पोक जास्त हलतो आणि हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, जिथे तो काटकोनात वळलेला असतो तिथे तुटतो. तो गेला की भार शेजाऱ्यांवर, मग तेही. म्हणून एक तुटला की ‘आउट काढून’, म्हणजे चाकाचं नाचणं सरळ करून, सगळं चाक ताणून घ्या. फक्त तो एक बदलून घरी आलात तर महिन्याभरात परत जाल.

घरी तपासायची रीत: टिचकी मारत एकेका स्पोकचा आवाज ऐका. एका बाजूचे सगळे साधारण एकाच सुरात वाजले पाहिजेत. ‘थड्’ असा मेलेला आवाज आला तो ढिला. रोजचं ४० किलोच्या वर ओझं असेल तर मागचं चाक २ मिमी जाडीच्या १४ गेज ऐवजी २.३ मिमीच्या १३ गेज स्पोकनी विणून घ्या. त्यासाठी हबची भोकं थोडी मोठी करावी लागू शकतात. नव्या विणलेल्या चाकाचे स्पोक तीस-चाळीस किलोमीटरनंतर बसतात, तेव्हा पुन्हा एकदा ताणून घ्यायला विसरू नका.

हवा कमी असणं हेही एक कारण. ओझ्यासह बसल्यावर मागचा टायर खाली पाच-सहा मिमी दबावा, त्याहून जास्त नको. काळ्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये बारीक रबरी नळी असते, ती वर्षभरात चिरते आणि रोज थोडी हवा सुटते. पंक्चर सापडत नसेल तर आधी व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहा.

चढावर दम लागतो. गिअर नसलेल्या सायकलला काही करता येतं?

येतं, आणि स्वस्तात. काळ्या सायकलला पुढे ४४ दात, मागे १८ असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. मागची फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ती दातेरी चकती, २२ दातांची लावली की साडेचार मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर सपाटीवरचा वेग २० ऐवजी १६ किमी होईल. ओझं घेऊन २०ने जायचंच नाही, त्यामुळे गमावलं काहीच नाही, आणि चढावर पायावरचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी झाला. चेनला एक जोडकडी वाढवावी लागते. फ्रीव्हील काढायला खाचांचा खास पाना लागतो, छिन्नी-हातोडीने काढू देऊ नका. खाचा तुटल्या की ती हबवरच राहते. २२ दाती न मिळाल्यास २० दातीनेही फरक कळतो.

तरी भौतिकशास्त्राला मर्यादा आहे. माणूस, सायकल आणि ओझं मिळून १५० किलो, शंभर मीटरला पाच मीटर चढ, वेग ताशी ६ किमी: एवढ्याला दीडशे वॅटच्या आसपास शक्ती लागते. सवय नसलेला निरोगी माणूस तासभर ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. म्हणजे असा चढ दोन-चार मिनिटांचा असेल तर ठीक, पुढे उतरून ढकला.

ढकलण्यात कमीपणा नाही, ती स्वतंत्र वाहतूक-पद्धत आहे. १९५४मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी हमालांनी सायकलींवर दोनशे किलोंहून जास्त माल डोंगरातून नेला तो चालवत नव्हे, ढकलत. हँडलच्या डाव्या टोकाला बांबू बांधून तो बाहेर काढला आणि सीटच्या नळीत दुसरा उभा बांबू रोवला. एका हाताने वळवायचं, दुसऱ्याने तोल धरून रेटायचं. झारखंडमध्ये कोळसा वाहणारे आजही असंच नेतात. पोटासाठी केलेल्या त्या मेहनतीचं कौतुक करण्यात अर्थ नाही, पण बांबूची युक्ती उचलण्यासारखी आहे: हँडलला अर्ध्या मीटरची काठी घट्ट बांधली तर ओझ्याची सायकल शेजारून चालत ढकलताना पोटऱ्या पॅडलवर आपटत नाहीत.

कॅरिअर की ट्रेलर?

रोज थोडं थोडं न्यायचं असेल तर कॅरिअर. आठवड्यातून एकदा बरंच, किंवा आकाराने बेढब काही न्यायचं असेल तर ट्रेलर. ट्रेलरचं वजन सायकलच्या चाकांवर फारसं येत नाही, तोल बिघडत नाही आणि नको तेव्हा तो काढून ठेवता येतो. तोटे: रुंदी, खड्डे, आणि त्याला स्वतःचा ब्रेक नसतो. सायकलचे ब्रेक साधारण असतील तर ट्रेलरमध्ये ५० किलोच्या वर नको, उताराच्या रस्त्यावर ३०.

ट्रेलर गावातल्या वेल्डरकडून कसा करून घ्यायचा?

सामान असं: २५×२५ मिमीचा, १६ गेजचा चौकोनी लोखंडी पाईप, ६ मीटरची एक लांबी, दांड्यासाठी ३२ मिमीचा गोल पाईप दीड-पावणेदोन मीटर, ५ मिमी जाडीची पट्टी अर्धा मीटर, लहान मुलांच्या सायकलची २० इंची पुढची चाकं दोन, ९ मिमी प्लायवूडचा ९०×५० सेंमी तुकडा. सगळं मिळून गाडी १५ किलोच्या आत-बाहेर होते.

मधली चौकट ९० सेंमी लांब, ५० रुंद, खाली दोन आडव्या पट्ट्या. चाकं चौकटीच्या बाहेर, पण प्रत्येक चाकाच्या बाहेरून ७० सेंमीचा आणखी एक पाईप हवा, म्हणजे ॲक्सल दोन्ही टोकांना धरला जाईल. ही पायरी वाचवायचा मोह वेल्डरला होतोच. सायकलच्या चाकाचा ॲक्सल ८ मिमीचा असतो. एकाच बाजूने धरला तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात वाकतो आणि चाकं फेंगडी होतात. गाळा किती ठेवायचा ते कागदावर ठरवू नका, चाक हातात घेऊन लॉकनट ते लॉकनट मोजा. ९ ते १० सेंमी भरेल. एकूण रुंदी ७५ सेंमीपर्यंत येते, नेहमीच्या दारातून जाईल इतकी.

ॲक्सलसाठी ५ मिमी पट्टीत खालून उघडी खाच पाडायची. वजन चौकटीवरून खाली येत असल्याने चाक खाचेत बसून राहतं, नट सैल झाला तरी लगेच निसटत नाही. ॲक्सलची जागा पाट्याच्या मध्यापासून १० सेंमी मागे. त्यामुळे ५० किलो सारखे पसरून ठेवले तर दांड्याच्या टोकावर तीन-साडेतीन किलो भार येतो, तो हवाच. टोकावर भार शून्य किंवा उलटा वर झाला तर ट्रेलर शेपटासारखा वळवळतो आणि सायकलचं मागचं चाक उचलतो. घरचा लटकवायचा वजनकाटा दांड्याला अडकवून पाहा. एकूण ओझ्याच्या ५ ते १० टक्के दाखवला पाहिजे.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा. आधी सगळे सांधे नुसते टाचून घ्या, चाकं बसवा, दोन्ही रिममधलं अंतर पुढे आणि मागे मोजा. फरक ३ मिमीच्या आत आला की मग चाकं काढून पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट ओढली जाते, म्हणून शेवटी पुन्हा मोजा. चाकं समांतर नसतील तर टायर रस्त्यावर घासत जातो आणि काही आठवड्यांत दोरे दिसू लागतात.

दांडा चौकटीच्या पुढच्या बाजूने निघून सायकलच्या मागच्या चाकाच्या डावीकडे, ॲक्सलच्या उंचीला यावा. सीटच्या नळीला जोडण्याची सोपी सूचना वेल्डर करेल. ती मानू नका. वळणावर ब्रेक मारला की मागून येणारा धक्का तितक्या उंचावर बसतो आणि मागचं चाक बाहेर फेकतो. ॲक्सलच्या नटाखाली ५ मिमी पट्टीचा तुकडा बसवा, पण त्यानंतरही नटाचे सगळे आटे ॲक्सलवर बसले पाहिजेत. आटे कमी पडत असतील तर ॲक्सलच लांब घ्या.

सांधा सगळ्या दिशांना फिरायला हवा. स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे जाड रबरी होजचा २० सेंमी तुकडा: एक टोक दांड्यावर, दुसरं पट्टीला जोडलेल्या पाईपच्या तुकड्यावर, मध्ये मोकळी जागा सहा-सात सेंमी. दोन्ही टोकांना क्लिप आणि आरपार एकेक बोल्ट. रबर उन्हाने चिरतं. महिन्यातून एकदा वाकवून पाहा, वर्षाने बदला. आणि रबर तुटलं तरी गाडी सुटू नये म्हणून दांडा ते सायकलची फ्रेम असा नायलॉनचा पट्टा कायम बांधलेला ठेवा. हा पट्टा नसलेला ट्रेलर रस्त्यावर नेऊ नये.

ट्रेलर उलटला तर कारण काय?

एक चाक गतिरोधकावर आणि दुसरं अजून खाली. गतिरोधक नेहमी सरळ, काटकोनात ओलांडा. सायकल खड्डा चुकवते तेव्हा ट्रेलरचं एक चाक नेमकं त्याच खड्ड्यात जातं, कारण त्याचे दोन मार्ग तुमच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना आहेत. पहिले काही दिवस रिकामा ओढून ही रुंदी अंगवळणी पाडा. मागे उभ्या काठीवर फडकं आणि लाल रिफ्लेक्टर लावा. मोटारीच्या चालकाला इतकं बुटकं काही सायकलमागे असेल असं वाटतच नाही.

तीनचाकी घेतली तर तोलाचा प्रश्नच मिटेल ना?

उभं राहताना मिटेल, वळताना वाढेल. दोन चाकांची सायकल वळणात आत झुकते, तीनचाकी झुकत नाही, ती बाहेर उलटते. ८० सेंमी रुंद, वर ओझं रचलेली तीनचाकी ४ मीटर त्रिज्येच्या वळणावर, म्हणजे साध्या गल्लीच्या कोपऱ्यावर, १२ किमीने कशीबशी जाते आणि १५ला आतलं चाक उचलते. कोपऱ्यावर १०च्या वर नको. शिवाय रस्त्याचा उतार कडेकडे असतो त्यामुळे ती सतत डावीकडे ओढते. अर्ध्या तासात खांदा बोलतो. भाजीगाडी, भंगार, रोपं अशी थांबत थांबत जाणारी कामं असतील तर मात्र तिला तोड नाही.

आपल्याकडच्या मालवाहू रिक्षांचं मूळ दुखणं म्हणजे एकच गिअर, लांबलचक चेन आणि फक्त पुढचा ब्रेक. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी सायकलरिक्षा नव्याने बांधली तेव्हा नेमकं हेच बदललं: तीन ते पाच गिअर, आखूड चेन, मागच्या चाकांना ब्रेक, बरं सस्पेन्शन. जुनी रिक्षा घेणार असाल तर याच क्रमाने खर्च करा, फक्त ब्रेक पहिला.

माणसाने माणसाला ओढण्याबद्दल इथे काही विचारू नका. माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये सांगितलं, ते फार आधी व्हायला हवं होतं.

मुलाला कसं न्यावं?

मान धरून, टेकू न घेता बसणारं आणि हेल्मेट घालू देणारं मूल. म्हणजे वर्षाच्या आत नाही. दांडीवर किंवा नुसत्या कॅरिअरवर बसवू नका. मुलांना होणारी नेहमीची इजा पडून होत नाही, पाय मागच्या चाकात जाऊन होते. पाठ, पट्टा आणि पाय ठेवायला खोलगट जागा असलेली सीट घ्या, आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी लावा. साडीगार्ड म्हणून मिळते ती जाळी दोन्हीकडे लावली तर पाय, पदर आणि ओढणी तिघांचं काम होतं. मूल सीटमध्ये असताना सायकल स्टँडवर सोडून कुलूप लावायला वळू नका.

पावसाळ्यात काय बदलायचं?

ब्रेकचं वर आलंच. चेनला ग्रीस नको, त्याला चिखल चिकटून खरकागदासारखी झीज होते. दर तीन-चार दिवसांनी तेलाचे थेंब घालून वरचं पुसून टाका. गोणपाटात माल नेऊ नका, भिजलेलं गोणपाट स्वतःच दोन किलो होतं. ताडपत्री ओझ्यावरून ओढून खालून बांधा, कडा फडफडता कामा नये. पाणी साचलेल्या रस्त्यावर ओझ्याची सायकल नेणं म्हणजे जुगार. उघडं चेंबर वरून दिसत नाही.

मोटर बसवावी का? लायसन्स लागतं का?

पायाने चालणारी सायकल मोटारवाहन नाही, तिला लायसन्स, नोंदणी लागत नाही. पॅडल मारताना साहाय्य करणारी मोटर २५० वॅटच्या आत असेल, पॅडल थांबल्यावर किंवा २५ किमी वेगाला तिची मदत बंद होत असेल, तर तीही केंद्रीय मोटारवाहन नियमांनुसार मोटारवाहनात धरत नाहीत. ५०० वा १००० वॅटचे संच ‘सायकल किट’ म्हणून सर्रास विकले जातात. ते लावले की ती सायकल उरत नाही.

रोजच्या वाटेवर पाच-सहा टक्क्यांचा लांब चढ आणि ४० किलोच्या वर ओझं असेल तर मोटर वसूल होते. सपाटीवर फ्रीव्हील बदलणं पुरे. पुढच्या चाकाच्या हबमध्ये मोटर घेत असाल तर ॲक्सल फोर्कच्या खाचेत फिरू नये म्हणून टॉर्क आर्म नावाची पट्टी लावलीच पाहिजे. ती नसेल तर एक दिवस ॲक्सल खाच फाडून बाहेर येतो, वायरही तोडतो.

आडवं पडून चालवायच्या किंवा पूर्ण झाकलेल्या सायकली?

सपाट, गुळगुळीत, मोकळ्या रस्त्यावर त्यांच्याइतकं वेगवान मानवी वाहन नाही, वाऱ्याचा अडथळा कमी होतो म्हणून. पण आपल्या रस्त्यावर त्यांत बसलेल्याचं डोकं ट्रकच्या चाकाच्या उंचीला येतं, आणि मे महिन्यात बंद कवचात माणूस शिजतो. ओझ्यासाठी तर नाहीच.

कुठे जायला बंदी आहे?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतू यांवर सायकल चालत नाही.

किती भूक लागते?

ओझ्यासह सपाटीवर १० किमीला १८० कॅलरीच्या आसपास. तेल लावलेल्या दोन पोळ्या.

पॅडल मारताना एकाच जागी ‘ठक’ असा आवाज येतो.

कॉटर ढिला झालाय. क्रँक ॲक्सलवर धरून ठेवणारी ती पाचर ओझ्याच्या जोराने सैल होते आणि तशीच चालवली तर क्रँकचं भोक खाल्लं जातं, मग कितीही नवे कॉटर घाला, बसत नाहीत. नुसता नट आवळून उपयोग नाही, कॉटरचे आटे मऊ असतात, ते जातात. क्रँकखाली भक्कम लोखंडी नळी किंवा ऐरण टेकवा, म्हणजे हातोडीचा मार छर्‍यांवर जाणार नाही. कॉटरच्या जाड डोक्यावर दोन-तीन ठाम घाव घाला, मग नट हाताच्या जोराने आवळा. तीस किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ठोकून आवळा. दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने बसलेले असतात. एकाच दिशेने घातले तर दोन पॅडल एका रेषेत राहत नाहीत. आणि डावं पॅडल काढायची वेळ आली तर त्याचे आटे उलटे आहेत हे पान्यावर जोर द्यायच्या आधी आठवा.